भूकंपांचं मोहोळ, कुकरची शिट्टी आणि तुमचा मथळा

मराठी वृत्तपत्रं, वाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी भूकंपशास्त्रज्ञ नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात, इंडिओ नावाच्या गावी राहतो आणि पाण्याच्या नळवाहिन्यांचे आराखडे तपासायचं काम करतो. भोवती वाळवंट आहे, आणि ईशान्येच्या टेकड्यांच्या कडेकडेने सॅन अँड्रियास फॉल्ट जातो. फॉल्ट म्हणजे जमिनीतली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. बाहेरच्यांना हे नाव सिनेमातलं वाटतं. आमच्या टेबलावर ती कागदावरची एक तुटक रेघ असते, आणि नळ ही रेघ ओलांडतो तिथे जोड कसला द्यायचा यावर दोन-दोन तास वाद चालतो.

पत्राला निमित्त आईच्या एका फोनचं आहे. गोष्ट जुनी आहे, २०१६च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या आठवड्यातली. तिच्याकडे सकाळ होती, माझ्याकडे रात्रीचं जेवण चाललं होतं. फोन उचलला तर पहिलंच वाक्य: "अरे, तुमच्याकडे दोनशे भूकंप झालेत आणि तू जेवतोयस?"

त्यातले दोन मला जाणवले होते. एकदा पंख्याच्या दिव्याची साखळी हलली, एकदा कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी किणकिण केली. बाकीचे फक्त यंत्रांना कळले. पण आईने जी मराठी वाहिनी पाहिली होती, तिच्यावर निवेदकाच्या मागे संगणकाने बनवलेलं एक शहर कोसळत होतं आणि खाली लाल पट्टीत "महाभूकंपाची चाहूल" फिरत होतं. "तू आजच्या आज निघून ये," असा तिचा हुकूम होता. दोनच दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाजात सुटकेचा निःश्वास. दुसऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावर तिने वाचलं होतं की छोट्या छोट्या धक्क्यांतून जमिनीतला दाब निघून गेला, आता धोका टळला. "कुकरच्या शिट्टीसारखं," ती म्हणाली. "वाफ गेली, झालं."

नावं मी कुणाचीच घेत नाही. दोन्ही बातम्या चूक होत्या एवढंच सांगतो, आणि माझ्या मते दुसरी जास्त घातक होती.

आधी त्या आठवड्यात काय झालं ते. सोमवारी, २६ सप्टेंबरला, सॉल्टन सी नावाच्या खाऱ्या तळ्याच्या तळाखाली, बॉम्बे बीच या वस्तीजवळ (नाव ऐकून प्रत्येक मराठी पाहुणा हसतो) धक्के सुरू झाले. ४ ते ९ किलोमीटर खोलीवर, दोनशेच्या वर. परिमाणाने चारच्या पुढचे तीन, सर्वांत मोठा ४.३चा. शास्त्रज्ञ याला स्वॉर्म म्हणतात. आपल्याकडे याला "भूकंपांची मालिका" म्हणतात, पण मालिकेत एकामागून एक असा क्रम असतो. मला "मोहोळ" हा शब्द बरोबर वाटतो. मोहोळ उठतं तेव्हा त्याला पुढारी नसतो. नेहमीच्या भूकंपात आधी एक मोठा धक्का येतो आणि मागून लहान-लहान धक्के येऊन हळूहळू विरतात. ते कसे विरतात याचा नियम जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडला. मोहोळात असा कुणी थोरला नसतो. धक्के सारखेच, कधी कमी कधी जास्त, तासभर शांत, मग पुन्हा वीस. कधी थांबेल, सांगता येत नाही.

ही मोहोळं आमच्याकडेच का उठतात? पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकन हे दोन भूपट्ट कॅलिफोर्नियाच्या आखातात एकमेकांपासून दूर सरकतात, आणि उत्तरेला सॅन अँड्रियासवर एकमेकांना घासून जातात. सॉल्टन सीचं खोरं या दोन प्रकारांच्या सांध्यावर आहे. जमीन ताणली जाते, पातळ होते, खचते. म्हणून तर तळ्याचं पाणी समुद्रसपाटीच्या ७० मीटर खाली आहे. हे तळंही अपघाताने झालेलं: १९०५ साली कोलोरॅडो नदीने कालव्याचं तोंड फोडलं आणि दोन वर्षं ती या खड्ड्यात येऊन पडत होती. खाली नदीनेच युगानुयुगं आणून टाकलेल्या गाळाचे काही किलोमीटर जाडीचे थर, त्यात खारं पाणी, आणि त्याखाली बऱ्यापैकी उथळ उष्णता. त्या उष्णतेवर वीज करणारी केंद्रं तळ्याच्या दक्षिण काठावर ओळीने उभी आहेत.

आई इथे आली होती तेव्हा तिला मी तळ्याजवळच्या नायलंड गावचा चिखल दाखवायला नेलं. भर उन्हात, सपाट मैदानात, राखाडी चिखलाच्या कमरेएवढ्या टेकड्या आणि त्यांच्या तोंडातून पिठलं रटरटावं तसा आवाज. बुडबुडा फुगतो, चकाकतो, फुटतो, आणि चिखलाचा एक ओघळ बाजूने उतरतो. आईने लांबूनच विचारलं, "उकळतंय का रे?" ते उकळणं नव्हे. खालून कार्बन डायऑक्साइड वर येतो, तो चिखल ढवळतो. जवळच अशा झऱ्यांपैकी एक काही वर्षं चक्क चालत सुटला होता. रेल्वेचे रूळ त्याच्यापायी हलवावे लागले. सांगायचं इतकंच की इथली जमीन वरून कोरडी ठणठणीत असली तरी आत ओली आहे, वायूने भरलेली आहे आणि दाबाखाली आहे.

त्या ओलीचाच मोहोळाशी संबंध आहे. खडकाच्या भेगेत दाबाखालचं पाणी शिरलं की भेगेच्या दोन बाजूंना धरून ठेवणारी पकड ढिली होते आणि ती घसरते. पाणी पुढच्या भेगेत जातं, ती घसरते. याच राज्यात काहुइया गावाजवळ २०१६ ते २०१९ असं जवळपास चार वर्षं चाललेलं एक मोहोळ संशोधकांनी संगणकाकडून बारकाईने तपासून घेतलं, तेव्हा २२ हजारांहून जास्त धक्के सापडले. खोलवरच्या एका साठ्यातून द्रव वर झिरपत फॉल्टच्या जाळ्यात कसा पसरला, ते त्यांना धक्क्यांच्या जागांवरून रेखता आलं. सर्वांत मोठा धक्का ४.४चा होता. काही मोहोळांमागे पाण्याऐवजी फॉल्टचं आवाज न करता हळूहळू सरकणं असतं. आणि काही वाळवंटांत खालून लाव्हारस येतो. सौदी अरेबियात हर्रत लुनय्यिर इथे २००९च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ३० हजारांच्या वर धक्के बसले, वाळवंटात ८ किलोमीटर लांब भेग पडली, हजारो लोकांना हलवलं गेलं, आणि लाव्हा पृष्ठभागाच्या थोडा खाली येऊन थांबला. उद्रेक झालाच नाही. इथिओपियाच्या अफारमध्ये २००५ साली ६० किलोमीटर लांब आणि ८ मीटरपर्यंत रुंद अशी लाव्हाची भिंत जमिनीत शिरली. "वाळवंटात शेकडो भूकंप" असा एकच मथळा तुम्ही पाणी, फॉल्टचं मुकं सरकणं आणि लाव्हा या तिन्हींना द्याल, आणि आत घडलेल्या गोष्टी तीन निरनिराळ्या असतील.

आता कुकरकडे येतो, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

छोट्या भूकंपांनी दाब मोकळा होतो, ही समजूत इतकी सोयीची आहे की ती मोडायला हिशेबच लागतो. परिमाण एकाने वाढलं की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ७च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा ४.३च्या धक्क्यांनी सोडवायची तर असे सुमारे ११ हजार धक्के हवेत. रोज एक, असे तीस वर्षं. त्या आठवड्यात ४.३चा एक झाला. बाकीचे इतके बारीक की ते सगळे एकत्र केले तरी हिशेबात फार फरक पडत नाही. शिट्टी वाजते खरी, पण कुकर आमच्या घरापेक्षा मोठा आहे आणि शिट्टी टाचणीच्या टोकाएवढी. शिवाय त्या धक्क्यांनी जो काही ताण सोडला तो तळ्याखालच्या, सॅन अँड्रियासला आडव्या जाणाऱ्या छोट्या फॉल्टवरचा. सॅन अँड्रियासच्या या दक्षिण टोकावर सुमारे तीनशे वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही. तिथला ताण होता तिथेच आहे, कदाचित शेजारच्या घसरण्याने चिमूटभर वाढला असेल.

आडवे फॉल्ट काय करू शकतात ते या खोऱ्याने पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९८७च्या संध्याकाळी तळ्याच्या नैर्ऋत्येला एल्मोर रँच नावाच्या आडव्या फॉल्टवर ६.२चा भूकंप झाला. सुमारे अकरा तासांनी, पहाटे, त्याला काटकोनात भेटणाऱ्या सुपरस्टिशन हिल्स फॉल्टवर ६.६चा. पहिल्याने दुसऱ्याचा दाब कमी केला नाही, त्याला धक्का देऊन उठवलं. उत्तरेच्या मोहावी वाळवंटात २०१९ साली रिजक्रेस्टला तेच: ४ जुलैला ६.४, लोक "मोठा होऊन गेला" म्हणेपर्यंत ५ जुलैच्या रात्री ७.१.

एक उदाहरण वाळवंटाबाहेरचं देतो, कारण त्याने तुमच्या व्यवसायाला थेट काही सांगितलंय. इटलीतल्या लाक्विला शहराखाली २००९च्या सुरुवातीला महिनोन्‌महिने बारीक धक्के चालू होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक बसली. त्याच सुमारास नागरी संरक्षणाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर दिलासा दिला, की ऊर्जा सतत बाहेर पडत आहे, ते चांगलंच लक्षण. त्या शहरात जुनी रीत होती: रात्री धक्का जाणवला की घर सोडायचं आणि चौकात बसायचं. ६ एप्रिलच्या रात्री धक्के जाणवूनही अनेक कुटुंबं घरातच थांबली. पहाटे साडेतीनला ६.३चा भूकंप झाला आणि तीनशेच्या वर माणसं गेली. पुढे खटला चालला, २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाल्या, २०१४ मध्ये त्यांतले सहा सुटले, एकाची शिक्षा कमी झाली. भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग, असं आपल्याकडे छापून आलं. वाद मुख्यतः त्या दिलाशाचा होता. कुकरच्या शिट्टीचाच होता.

म्हणून भीतीच्या मथळ्यापेक्षा मला दिलाशाचा मथळा घातक वाटतो. घाबरलेली आई चार फोन करते. निश्चिंत झालेला माणूस चौकात जायचा तो अंथरुणात पडून राहतो.

मग छापायचं काय? त्या आठवड्यात याचं उत्तर तयार होतं आणि ते सरकारी पत्रकातच होतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २७ सप्टेंबरला आकडा दिला: पुढच्या सात दिवसांत ७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ३००० त १ ते १०० त १ यांच्या दरम्यान. मोहोळ नसताना, कोणत्याही साध्या आठवड्यात ती साधारण ६००० त १ असते. राज्याच्या आपत्ती विभागाने ४ ऑक्टोबरपर्यंत सावधगिरीची सूचना काढली. काही दिवसांनी मोहोळ निवलं तसा आकडाही खाली आणला.

या आकड्याकडे जरा थांबून बघा. वरचं टोक धरलं तर धोका साठ पट वाढला होता. त्याच टोकाला, मोठा भूकंप न होण्याची शक्यता ९९ टक्के होती. दोन्ही वाक्यं खरी आहेत. "साठ पट" एवढंच छापलंत तर आई विमानाचं तिकीट शोधते. "फक्त एक टक्का" एवढंच छापलंत तर मी कपाटाला खिटी लावायची टाळतो. ती दोन वाक्यं एकाच परिच्छेदात आली की मगच वाचकाला काही कळतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मुदत. मोहोळाने वाढलेली शक्यता दिवसागणिक घटते. "येत्या काळात" हा शब्दप्रयोग इथे निव्वळ कामचुकारपणा आहे.

आकड्याची दोन टोकं एवढी लांब का, असं एका मित्राने विचारलं होतं. शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, असा त्याचा सूर होता. बरोबर आहे, पण किती माहीत नाही हेही ते मोजून सांगतात. त्या जागेजवळ १९३२ पासून उपकरणं आहेत, आणि सॅन अँड्रियासच्या टोकाशी इतक्या लगत उठलेलं असं मोहोळ तोवर तिसरंच होतं. आधीची २००१ आणि २००९ची, दोन्ही काही न घडता निवली. दोन उदाहरणांवरून कुणी तुम्हाला दशांशातला आकडा दिला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

लोक अशा आकड्याचं काय करतात? जमेल ते करतात. सॅन बर्नार्डिनो शहराने त्या वेळी आपलं नगरभवन दोन दिवस बंद ठेवलं, कारण ती इमारत मोठ्या भूकंपात टिकणार नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. शंभरात एक हा आकडा साध्या घरासाठी क्षुल्लक आहे, पण कमकुवत इमारतीत रोज शेकडो माणसं बसवणाऱ्यासाठी तो पुरेसा मोठा आहे. आमच्या कार्यालयात आम्ही फक्त झडपांच्या चाव्या कुठे टांगल्यात ते बघून घेतलं आणि जनरेटरमध्ये डिझेल भरलं. घरी मी पलंगाखाली जुने बूट आणि विजेरी ठेवली. रात्री काचा फुटल्या तर माणूस अनवाणी धावतो आणि पहिली जखम तिथेच होते. शंभरात एक शक्यतेसाठी एवढा खर्च परवडतो.

जाता जाता मोहोळातले धक्केही नेहमी किरकोळच असतात असं लिहू नका. २०१२च्या ऑगस्टात तळ्याच्या दक्षिणेच्या ब्रॉली गावाला मोहोळ उठलं त्यात ५.३ आणि ५.४चे दोन होते. लोकांची फिरती घरं पायावरून सरकली. आणि "रिश्टर स्केल" हा शब्द आता निवृत्त करा. रिश्टर यांनी ते मोजमाप १९३५ साली तयार केलं तेच मुळी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, म्हणून मला त्याचा जिव्हाळा आहे, पण मोठ्या भूकंपांसाठी ते वापरायचं कधीच थांबलंय. "तीव्रता" म्हणजे तुमच्या पायाखाली किती हललं, ती गावागणिक वेगळी. भूकंपाचं परिमाण एकच. उपसंपादकाला हा फरक दहा मिनिटांत समजावता येतो.

तक्रार पुरे. पुढचं मोहोळ उठेल तेव्हा वापरायला एक नमुना देतो. आकडे २०१६चे आहेत, नवे भरा:

"सॉल्टन सीच्या तळाखाली सोमवारपासून छोटे भूकंप होत आहेत, सर्वांत मोठा ४.३ परिमाणाचा होता. जवळच सॅन अँड्रियास फॉल्टचं टोक असल्याने मोठ्या भूकंपाची शक्यता तात्पुरती वाढली आहे. एरवी ती आठवड्याला ६००० त १ असते, या आठवड्यात ३००० त १ ते १०० त १ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे काही न होण्याचीच शक्यता ९९ टक्के किंवा त्याहून जास्त. ही सूचना ४ ऑक्टोबरपर्यंत आहे."

पाच वाक्यं. कोसळत्या शहराचं चित्र लागत नाही. आणि ५ ऑक्टोबरला दोन ओळी: मुदत संपली, काही झालं नाही, शक्यता खाली आली. २०१६ साली ही दुसरी बातमी माझ्या पाहण्यात तरी कुणीच दिली नाही. आईच्या लेखी ती महाभूकंपाची चाहूल अजून तशीच लोंबकळत होती.

तिला मग मीच एका रविवारी हा सगळा हिशेब फोनवर सांगितला, अकरा हजार धक्क्यांचा आणि सहा हजारांत एकचा. शाळेत गणित शिकवलेली बाई. तिने मला दोनदा अडवून भागाकार करून घेतला. २०२०च्या ऑगस्टात बॉम्बे बीचजवळ पुन्हा मोहोळ उठलं, या वेळी सर्वांत मोठा ४.६चा, तेव्हा तिचा फोन आला. निघून ये म्हणाली नाही. म्हणाली, "आकडा किती दिलाय?" मी सांगितला. थोडा वेळ ती गप्प होती. मग विचारलं, "ते बूट अजून पलंगाखाली आहेत ना? की पुन्हा बाहेर घालायला काढलेस?"

काढले होते. परत ठेवले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोचेला खोऱ्यातला एक वाचक